क्रियापद येईपर्यंत

दिवसा मी चाकणच्या कारखान्यासाठी
गिअरबॉक्सची मॅन्युअलं करते.
शब्दाला दीड रुपया, जीएसटी वेगळा.
तिथे स्क्रू म्हणजे स्क्रूच,
आणि घट्ट म्हणजे किती घट्ट, ते आकड्यात लिहिलेलं.

रात्री साडेनवानंतर डहाणूकर कॉलनीतल्या याच टेबलावर
लायप्झिगचा एक म्हातारा चौथ्या मजल्यावर राहतो.
त्याची मुलगी घर रिकामं करायला आली आहे.
तीनशे बारा पानं. जर्मनमधून इंग्रजीत.
"मराठीत का नाही करत?" बँकेतल्या देवस्थळी बाईसुद्धा विचारतात,
पासबुक भरता भरता.
मराठीत पैसे कोण देणार, हे खरं उत्तर.
पण ती येतेच. न बोलावता,
चपला बाहेर काढून, आत.

म्हातारा सांगत असतो:
ज्या हिवाळ्यात कोळसा संपला त्या हिवाळ्यात,
स्टेशनच्या मागच्या गल्लीत,
अंगात थोरल्या भावाचा कोट,
आणि समोरून येणारी, हात वर केलेली, हिची आई; तिला त्याने
सगळ्यांच्या देखत
टाळलं.

सहा ओळी मी श्वास धरून होते.
मारलं, मिठीत घेतलं, काहीही असू शकलं असतं.
आम्हाला थांबायची सवय आहे,
आमचंही क्रियापद ताकभातासारखं, शेवटी.
इंग्रजीला धीर नाही.
तिला दारातच सांगावं लागतं, कोण गेलं.

मग मुलीचं बालपण.
जर्मन तिला 'ते' म्हणते. आपणही म्हणतो,
ते जेवलं का, ते झोपलं का, किती रडतंय ते.
इंग्रजीत तसंच लिहिलं
तर पोरीची खुर्ची होते.

हे सगळं जमवलं. थोडं खोटं, थोडं गोड बोलून.
अडले पान दोनशे सत्त्याण्णववर.
मुलगी कपाट आवरताना म्हणते,
"आई तुला आवडतच नव्हती."
म्हातारा एकच शब्द बोलतो. डोख.
नाही म्हणणाऱ्याला दिलेलं हो.
नुसतं 'येस' लिहावं, तर वाटतं त्याने कबूल केलं.
'ऑन द कॉन्ट्ररी' लिहावं,
तर पायजम्यातल्या माणसाला काळा कोट चढतो.
लंडनहून हॅरिएटने समासात विचारलं:
हा शब्द काढला तर काही बिघडेल?

अकरा रात्री.

बाराव्या दिवशी पहाटे पाणी आलं म्हणून उठले.
बाथरूमच्या डक्टमधून खालच्या पोंक्षे काकू,
ज्यांना हल्ली मुलगा ओळखू येत नाही,
स्वच्छ आवाजात म्हणाल्या,
"तुम्ही मला कधी कुठे नेलंच नाहीत."
खाली भांडं वाजलं. दूध असावं.
काका म्हणाले, "नेलं की."
मोठ्याने नाही. बाजू मांडल्यासारखंही नाही.
"बदामीला नाही का, तुझी चप्पल तुटली ती."

बादली भरून वाहत होती.
मला उत्तर मिळालं होतं
आणि ते मराठीत होतं, म्हणजे कामाचं नव्हतं.

शेवटी लिहिलं, 'आय डिड, यू नो.'
चार शब्द, एका शब्दाच्या जागी.
त्यातलं शेवटचं 'नो' जरा खालच्या पट्टीत वाचलं
तर 'की'च्या जवळपास जातं.
खालच्या पट्टीत वाचा, असं छापता येत नाही.
हॅरिएटने 'लव्हली' कळवलं,
पुढचा प्रश्न बिलाच्या तारखेचा.

आज पुन्हा चाकण. क्लच प्लेट, पान चौदा.
डक्टमधून काकू: "कधी कुठे नेलंच नाहीत."
मी की-बोर्डवरचे हात उचलले.
काका बहुतेक दात लावत होते,
वेळ लागला.